नळाच्या तोंडावरची डमी : ती किती जाड असावी ?



गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत दुरुस्ती-देखभालीच्या खर्चावर चर्चा चालू असताना एका सभासदांनी विचारले होते की, जाड लोखंडी प्लेटा, बोल्ट आणि गॅस्केट यांवर एवढा पैसा कशाला ? नळाची तोंडे चार दिवस बंद करायची, तर यार्डात भंगाराचे पत्रे पडलेत, ते का चालत नाहीत ? प्रश्न रास्त आहे. पैसा सभासदांचा, त्यामुळे विचारण्याचा हक्कही त्यांचाच. सभेत वेळ थोडा होता आणि उत्तर दोन वाक्यांत आटोपले गेले. म्हणून या अंकात तो विषय जरा बैजवार मांडतो आहोत. शिवाय हा विषय एकट्या कारखान्याचा नाही. आपल्यापैकी पुष्कळांची नदीवरून शिवारापर्यंत आलेली उपशाची लाइन आहे, आणि तिची चाचणी घेताना हाच प्रश्न बांधावर उभा राहतो.

गळीत हंगाम संपला की कारखान्यात नळांची कामे निघतात. कुठे वाकण झिजलेले असते, कुठे सांधा पाझरत असतो, कुठे नवा तुकडा जोडायचा असतो. वेल्डिंग झाले की काम झाले असे होत नाही. नळात पाणी भरून, रोजच्या दाबाच्या साधारण दीडपट दाब देऊन, तो काही काळ धरून ठेवावा लागतो. त्यालाच हायड्रो टेस्ट म्हणतात. बॉयलर आणि त्याच्या मुख्य वाफेच्या नळांची चाचणी बॉयलर निरीक्षकांच्या देखरेखीखाली, नियमात सांगितलेल्या दाबाला होते. 1923 च्या बॉयलर कायद्याच्या जागी 2025 मध्ये नवा कायदा आला, पण चाचणीची गरज होती तशीच आहे. जो सांधा दीडपट दाबाला पाण्यावर टिकला, तो हंगामात वाफेवर टिकेल असा भरवसा धरता येतो.

आता नळात दाब कोंडायचा तर त्याची उघडी तोंडे बंद करायला हवीत. फ्लँजवर बोल्टांनी आवळून बसवलेली जी लोखंडी चकती हे काम करते, तिला आपले फिटर ‘डमी’ म्हणतात. कुणी ब्लँक म्हणतात, कुणी ब्लाइंड. नाव काहीही घ्या, काम एकच. चाचणी चालू असताना सगळा दाब झेलून गप्प बसायचे. चाचणी संपली की ती निघते, म्हणून तिची किंमत कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. तात्पुरती वस्तू म्हटली की माणूस हात आखडतो. पण चाचणीच्या त्या तासाभरात सगळ्या नळात जास्तीत जास्त भार याच वस्तूवर असतो. नळ गोल आहे, गोल आकार दाब सहज वाटून घेतो. डमी सपाट आहे, तिला तो वाकून सोसावा लागतो.

किती भार ? इथे थोडा हिशेब करू. आपण बोलताना ‘दहा किलो दाब’ म्हणतो, तेव्हा अर्थ असा की दर चौरस सेंटिमीटरला दहा किलो. पंपाच्या भाषेत सांगायचे तर दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ म्हणजे एक किलो, शंभर मीटरचा हेड म्हणजे दहा किलो. आता सहा इंची, म्हणजे 150 मिलिमीटरच्या नळाचे तोंड घ्या. त्याचे क्षेत्रफळ 177 चौरस सेंटिमीटर. दहा किलो दाबाला डमीवर पावणेदोन टनांहून किंचित जास्त रेटा. बारा इंची नळ घेतला तर क्षेत्रफळ 707 चौरस सेंटिमीटर आणि रेटा सात टन. व्यास दुप्पट झाला, रेटा चौपट झाला. हे ‘चौपट’ लक्षात ठेवावे, सगळी गोम त्यातच आहे.

माळशेज किंवा कसारा घाट उतरून कल्याण-मुंबईकडे भाजीपाला नेणाऱ्या सभासदांना मुरबाड आणि शहापूर तालुके नवे नाहीत. मुंबई ज्या पाण्यावर जगते त्याचा मोठा हिस्सा याच मुलखातून जातो. शहापूर तालुक्यातल्या तानसा तलावाचे पाणी 1892 पासून मुंबईला जाते. वैतरणा नदीवरचा मोडक सागर पुढे आला, मग भातसा. भातसाचे पाणी नदीपात्रातून पिसे येथील बंधाऱ्यापर्यंत येते आणि तिथून उपसले जाते. तानसा आणि मोडक सागरचे पाणी मात्र नळांतून येते. मुरबाड-बदलापूर बाजूचे बारवी धरण औद्योगिक विकास महामंडळाचे, त्याचे पाणी कारखानदारीला आणि शहरांना. शहापूर-भिवंडी भागात जमिनीवरून गेलेले ते अजस्र नळ पुष्कळांनी पाहिले असतील. पोरे तर त्यांना रेल्वेचे डबेच समजतात. तानसाचे मोठे नळ 72 इंची, म्हणजे 1800 मिलिमीटरचे. वैतरण्याचा 96 इंची, म्हणजे 2400 मिलिमीटरचा. माणूस आत उभा राहून चालू शकेल एवढा.

अशा नळाचा एखादा टप्पा बदलला आणि त्याची चाचणी घ्यायची म्हटली, तर तोंडाला काय लावायचे ? समजा दाब फक्त पाच किलो ठेवला. आपल्या ज्यूसच्या नळांच्या मानाने काही फार नाही. 1800 च्या नळाच्या तोंडावर तेवढ्यानेच 127 टनांचा रेटा येतो. दहा टनी बारा-तेरा भरलेले ट्रक एकावर एक रचून ठेवल्यासारखे. 2400 च्या तोंडावर 226 टन. सपाट प्लेटेने हे थोपवायचे तर 1800 च्या नळाला पावणेपाच सेंटिमीटरांहून जाड चकती लागेल, आणि तिचे नुसते वजनच टनाच्या आसपास जाईल. म्हणून एवढ्या मोठ्या तोंडाला सपाट डमी परवडत नाही, तिथे फुगीर झाकण वेल्ड करतात. त्याला डिश एंड म्हणतात. घागरीचा तळ गोल का असतो, याचे एक कारण तेच. फुगीर पत्रा दाबाखाली वाकत नाही, ताणला जातो, आणि ताण सोसायला लोखंड तयारीचे असते. तेवढ्याच दाबाला डिशचा पत्रा सपाट प्लेटेच्या पाव हिश्श्याहूनही पातळ चालतो.

एवढ्यावर भागत नाही. झाकण टिकले तरी 127 टनांचा तो रेटा कुठेतरी जायला हवाच. नळ जमिनीवर नुसता ठेवलेला असेल आणि सांधे सरकणारे असतील, तर झाकणासकट नळच पुढे निघतो. त्यासाठी तोंडाच्या मागे काँक्रीटचा ठोकळा बांधून रेटा जमिनीत उतरवावा लागतो. वाकणावरही तेच. नळ काटकोनात वळतो तिथे एका तोंडावरच्या रेट्याच्या जवळजवळ दीडपट जोर बाहेरच्या बाजूला लागतो. उपसा लाइनचे वाकण चाचणीच्या वेळी मातीतून उखडून आलेले पाहण्यात येते. तिथे नळ फुटलेला नसतो, ठोकळा बांधलेला नसतो एवढेच.

आता आपल्या कारखान्याकडे वळू. इथे एक गैरसमज आम्हाला वारंवार आढळतो, आणि त्याच्यासाठीच हा लेख लिहायला घेतला म्हटले तरी चालेल. बॉयलर हाऊसमध्ये सगळे जपून वागतात. पूर्वी बॉयलर 21 किंवा 32 किलोचे असत. सहवीजनिर्मिती आल्यापासून 67, 87, 110 किलोंचे आले. आकडा ऐकूनच माणूस सावध होतो. तिथल्या नळाला कुणी पातळ पत्रा लावणार नाही. पण बॉयलिंग हाऊसकडे जाणारा एक्झॉस्ट वाफेचा मोठा नळ असतो, त्यात दाब जेमतेम एक-दीड किलो. तिथे फिटर म्हणतो, “साहेब, याला काय दाब आहे, दोन सुती पत्रा मारू.” दोन सूत म्हणजे पाव इंच, सहा मिलिमीटरांच्या आसपास.

हिशेब करून बघा. उच्च दाबाचा 50 मिलिमीटरचा बारीक नळ, चाचणी 100 किलोला. तोंडाचे क्षेत्रफळ वीस चौरस सेंटिमीटरांच्या आत, रेटा दोन टनांच्या आत. त्याला सात मिलिमीटरची डमी पुरते. एक्झॉस्टचा 900 मिलिमीटरचा नळ, चाचणी फक्त तीन किलोला. क्षेत्रफळ 6362 चौरस सेंटिमीटर, रेटा 19 टन. त्याला साडेअठरा मिलिमीटर जाडी हवी, आणि त्यात गंजाची भर धरायची वेगळी. शंभर किलोवाल्याला सात, तीन किलोवाल्याला साडेअठरा ! दाबाच्या आकड्याला भिणारा माणूस व्यासाच्या आकड्याला भीत नाही, आणि घात तिथे होतो.

दोन सुती पत्रा लावला तर काय होईल ? जाडी साधारण तिसरा हिस्सा झाली, पण प्लेटेतला ताण तिप्पट होत नाही, साडेनऊ पट होतो. वाकणाऱ्या प्लेटेचा नियमच असा आहे. जाडी अर्धी केली की ताण चौपट. पत्रा आधी ताटासारखा फुगेल, गॅस्केट एका बाजूने सुटेल, आणि नशीब चांगले असेल तर पाण्याची चिळकांडी उडून सगळे थांबेल. नशीब वाईट असेल तर बोल्टांखालून पत्रा निसटून बाहेर येईल. समोर कोण उभे आहे हे पत्रा बघत नाही.

जाडी काढायची रीत अवघड नाही. दोन फ्लँजांच्या मध्ये किंवा फ्लँजवर बोल्टांनी आवळलेल्या सपाट पोलादी डमीसाठी, पोलादाला दर चौरस सेंटिमीटरला 1400 किलोंपर्यंत ताण देऊ असे ठरवले, तर नेहमीचे सूत्र मांडून एक सुटसुटीत हिशेब हाती येतो. गॅस्केटचा आतला व्यास मिलिमीटरमध्ये घ्या. चाचणीचा दाब किलोमध्ये घेऊन त्याचे वर्गमूळ काढा. दोहोंचा गुणाकार करा आणि 86 ने भागा. उत्तर मिलिमीटरमध्ये. बारा इंची नळ, गॅस्केटचा आतला व्यास 324, दाब दहा किलो. दहाचे वर्गमूळ 3.16. गुणाकार 1024, भागिले 86, म्हणजे बाराला थोडे कमी. त्यात गंज, खड्डे आणि पत्र्याच्या जाडीतली कसर यांसाठी दीड-दोन मिलिमीटर मिळवा आणि बाजारात मिळणारी पुढची जाडी घ्या. इथे 16 मिलिमीटर. सहा इंचीला हाच हिशेब सव्वासहाच्या आसपास येतो, म्हणून 8 किंवा 10 घ्यावी. व्यास दुप्पट तर जाडी दुप्पट. दाब चौपट तर जाडी दुप्पट. शाळेत शिकलेले वर्गमूळ असे कधीतरी उपयोगाला येते.

या हिशेबाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. तो बोल्टने आवळलेल्या, चांगल्या, अखंड पोलादी प्लेटेचा आहे. नळाच्या कडेवर नुसता वेल्ड करून चिकटवलेल्या चपट्या पत्र्याला तो लागू नाही. तिथे वाकण्याचा सगळा जोर त्या एका वेल्डच्या धाग्यावर येतो, आणि बाहेरून एकाच बाजूने मारलेला वेल्ड मुळापासून उकलतो. अशी वेल्ड केलेली सपाट टोपी आम्ही कारखान्यात बंद केली आहे. बिडाच्या तुकड्यालाही हा हिशेब लावू नये, बीड वाकण्याआधी तुटते. आणि ज्या मापाची तयार ब्लाइंड फ्लँज नियमाप्रमाणे बनवलेली मिळते, तिथे कागदावर हिशेब करत न बसता तीच आणावी. ती महाग पडते हे खरे, पण वीस हंगाम चालते.

दाब कोणता धरायचा यातही लोक फसतात. गेज वरच्या टोकाला लावतात आणि तिथला आकडा सगळ्या नळाचा समजतात. कसारा स्टेशनपासून इगतपुरीपर्यंत रेल्वे सुमारे 300 मीटर चढते, हे प्रवास करणाऱ्यांना ठाऊक आहे. इगतपुरी तालुक्यातल्या भावली धरणाचे पाणी घाटाखाली शहापूर तालुक्यातल्या गावांना नळाने नेण्याची योजना आहे. धरणे उशाला असून उन्हाळ्यात टँकरकडे डोळे लावणारी ती गावे. अशा उतारावर वरपासून खालपर्यंत एकाच नळात पाणी कोंडले आणि खालचे तोंड बंद केले, तर पंप न लावताच खाली तीस किलोंचा दाब उभा राहतो. 500 मिलिमीटरचा नळ असेल तर त्या डमीवर 59 टन. म्हणून उतारावरच्या लाइनीत मध्ये मध्ये दाब मोडणाऱ्या टाक्या बांधतात आणि चाचणीही टप्प्याटप्प्याने घेतात. आपल्या उपसा लाइनीतही नदीकाठचे टोक आणि माळावरचे टोक यांत साठ मीटरांचा फरक असला तर दाबात सहा किलोंचा फरक पडतो. गेज खालच्या टोकाला लावावे, डमी खालच्या दाबाप्रमाणे निवडावी.

बोल्टांबद्दल थोडे. बारा भोकांच्या फ्लँजला चार बोल्ट लावून ‘तात्पुरते आहे’ म्हणण्याची खोड आपल्याकडे जुनी आहे. सात टनांचा रेटा बारा जणांत वाटला तर प्रत्येकी सहाशे किलोंच्या आत, चौघांत वाटला तर पावणेदोन टन, आणि गॅस्केट दाबून धरण्याचा भार त्यावर आणखी. शिवाय दोन बोल्टांच्या मधली प्लेट उचलली जाते ते वेगळेच. भोके जितकी तितके बोल्ट, समोरासमोरचे आळीपाळीने आवळलेले. दाब चढलेला असताना पाझरणारा सांधा आवळायला जाऊ नये. आधी दाब उतरवावा, मग पाना हातात घ्यावा. हे सांगून आमचे तोंड दुखले, तरी दरवर्षी कुणीतरी पाना घेऊन धावतोच.

पाण्याने चाचणी घ्यायची, हवेने नाही, यामागे भित्रेपणा नाही. हजार लिटर पाण्यावर दहा किलो दाब दिला तरी ते अर्धा लिटरसुद्धा दबत नाही. डमी सुटली तर ते अर्धा लिटर बाहेर येते आणि दाब खलास. हजार लिटरच्या त्याच नळात दहा किलोंनी हवा कोंडली तर ती मूळच्या अकरा हजार लिटर हवेची गासडी असते. सुटली की बंदुकीसारखी. पाण्याच्या चाचणीतही नळाच्या उंच भागात हवा अडकून राहिली तर तीच धास्ती. म्हणून डमी निवडताना नुसती जाडी बघू नये, ती जिथे बसणार तिथे हवा कोंडेल का हेही बघावे. आडव्या नळाच्या टोकाच्या डमीला वरच्या अंगाला लहानसा कॉक हवा. पाणी खालून हळूहळू भरावे, वरच्या कॉकमधून फुसफुस थांबून एकसंध धार लागली की मगच तो बंद करावा. दाब एका दमात चढवू नये. आणि डमीच्या तोंडासमोर कुणीही, अगदी कार्यकारी संचालकांनीही, उभे राहू नये. बघायचे तर बाजूने बघावे.

व्हॉल्व्ह बंद आहे, मग डमी कशाला, असेही विचारले जाते. व्हॉल्व्ह झिजतो, त्याच्या बैठकीत उसाचा भुस्सा अडकतो, आणि तो पलीकडे पाणी सोडतो. पलीकडे जर चाचणीचा दाब न सोसणारे यंत्र असेल, तर नळ टिकतो आणि यंत्र जाते. आपले पॅन आणि इव्हॅपोरेटरची शेवटची भांडी निर्वातावर चालण्यासाठी बांधलेली, त्यांना आतून मोठा दाब सोसवत नाही. तिथे दोन फ्लँजांच्या मध्ये शेपटीवाली डमी सरकवतात. शेपटी बाहेर दिसत राहते, म्हणजे आत डमी आहे हे लांबून कळते. काही ठिकाणी चष्म्याच्या आकाराची जोडप्लेट कायमची बसवलेली असते. एक डोळा बंद, एक उघडा. फिरवली की काम झाले. ज्या जागी दर वर्षी डमी लागते तिथे चष्माच बरा. या वर्षीच्या खर्चात त्यांचा समावेश आहे, तो सभासदांनी अनाठायी समजू नये.

सेफ्टी व्हॉल्व्ह, गेज आणि नळाची लांबी सांभाळून घेणाऱ्या घड्या ही नाजूक मंडळी चाचणीआधी काढून त्यांच्या जागी डमी लावायची असते. आणि इथेच दुसरा धोका सुरू होतो, डमी विसरण्याचा. हंगामाच्या तोंडावर घाईघाईत सगळे जोडले जाते, बॉयलर पेटतो, आणि कुठेतरी एक डमी आत राहिलेली असते. एक्झॉस्ट नळात राहिली तर रस उकळत नाही, गाळप खोळंबते, गव्हाणीसमोर गाड्यांची रांग लागते. सेफ्टी व्हॉल्व्हच्या वाटेत राहिली तर काय होईल ते लिहायला नको.

जगात याचे दाखले मोठे आणि दुःखद आहेत. 6 जुलै 1988 च्या रात्री उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलाच्या तळावर आग लागून 167 माणसे गेली. एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढला होता आणि त्याच्या जागी तात्पुरती डमी लावली होती. ती गळती धरेल अशी घट्ट आवळलेली नव्हती, आणि रात्रपाळीला पंप चालू करणाऱ्यांना वर व्हॉल्व्ह नाही हे ठाऊक नव्हते. चौकशीत हे सगळे बाहेर आले. आपल्या देशात भोपाळला 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधल्या रात्री विषारी वायू सुटला. त्या संध्याकाळी नळ पाण्याने धुण्याचे काम चालू होते आणि पाणी पुढे जाऊ नये म्हणून घालायची आडवी डमी घातलेली नव्हती, असे समोर आले. पाणी टाकीत कोणत्या वाटेने शिरले याबद्दल कंपनीचे म्हणणे वेगळे होते. पण दुरुस्तीच्या वेळी नळ पुरता तोडायचा तर डमी घालावी लागते, नुसत्या व्हॉल्व्हवर विसंबू नये, हा धडा तेव्हापासून साऱ्या जगाने गिरवला. मुरबाडसारख्या औद्योगिक वसाहतींत आता आपल्या भागातली पुष्कळ मुले नोकरीला आहेत. त्यांनीही हे घरच्यांना समजावून सांगावे आणि स्वतः पाळावे.

आपल्या कारखान्यात यासाठी साधी वही ठेवली आहे. प्रत्येक डमीच्या शेपटीवर नंबर, जाडी आणि चालणारा दाब ठोकून लिहिलेला आहे, शेपटी लाल रंगवलेली आहे. कोणती डमी कोणत्या सांध्यात कधी घातली आणि कुणी काढली, हे वहीत लिहिले जाते. वहीत गेलेल्या आणि आलेल्या डमींचा आकडा जुळल्याशिवाय बॉयलर पेटवायचा नाही असा दंडक आहे. जुन्या डमी पुन्हा वापरताना जाडी डोळ्याने न ठरवता मापाने मोजतात, तीही मध्यावर, कारण गंजाने मध्यच खाल्लेला असतो. एकदा फुगलेली डमी उलटी करून पुन्हा लावायची नाही. ती कापून टाकायची. कापलेल्या डमी भंगारात दिसतात, त्यावरूनच सभेतला तो प्रश्न आला असावा असा आमचा कयास आहे.

उपसा लाइनवाल्या सभासदांसाठी दोन गोष्टी. पीव्हीसी नळावर त्याचा वर्ग छापलेला असतो, 4, 6, 10 असा. तो किलोंतला दाब आहे. नळ सहाच्या वर्गाचा आणि डमी सोळा मिलिमीटरची, यात अर्थ नाही. आधी नळ फुटेल. चिकटवलेल्या सांध्यांना पुरते वाळू द्यावे, निदान एक दिवस, मगच पाणी भरावे. पंपाचा हेड काढताना वीज अचानक गेल्यावर पाणी मागे फिरून जो हिसका बसतो तोही धरावा, कारण चाचणीत न फुटलेली लाइन पुष्कळदा त्या हिसक्याने फुटते. आणि लाकडी ठोकळा, पोत्यात भरलेली माती किंवा ट्रॅक्टरचे चाक नळाच्या तोंडाला टेकवून चाचणी घेणे ताबडतोब बंद करावे. सहा इंची नळाला दहा किलोंचा दाब म्हणजे पावणेदोन टन, हा आकडा वर दिलाच आहे.

ज्या सभासदांना या मोसमात आपल्या लाइनची चाचणी घ्यायची आहे, त्यांनी वापरायची प्लेट कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये आणावी. जाडी विनामूल्य मोजून दिली जाईल आणि ती किती दाबापर्यंत चालेल ते चिठ्ठीवर लिहून मिळेल. येताना नळाचा आतला व्यास, फ्लँजच्या भोकांची संख्या व बोल्टाचे माप, दोन टोकांच्या उंचीतला फरक आणि पंपावरच्या पट्टीवरील हेड एवढे लिहून आणावे. गळीत सुरू होण्याआधी आले तर बरे, नंतर वर्कशॉपला सवड राहत नाही.